शिऊरची बहिणाबाई

वर्गात बहिणाबाई हे नाव उच्चारले की मुले लगेच माना डोलावतात. त्यांना आठवते ती खानदेशातली, असोद्याला जन्मलेली बहिणाबाई चौधरी. त्यात मुलांकडे दोष नाही. १९५२ साली तिची गाणी पुस्तकरूपाने आली आणि तेव्हापासून मराठी माणसाने त्या बाईला असे काही घरात घेतले की, त्याच नावाची दुसरी एक बाई तिच्या अडीचशे वर्षे आधी होऊन गेली, हे सांगण्यापूर्वी शिक्षकाला खडू खाली ठेवून जरा दम घ्यावा लागतो. ही दुसरी बहिणाबाई शिऊरची, तुकोबांची शिष्या. वारकरी पंथाला इमारतीची उपमा देणारा तिचा अभंग उभा महाराष्ट्र म्हणतो. तो तिचा आहे हे म्हणणारांपैकी किती जणांना ठाऊक असते, ह्या प्रश्नात मी शिरत नाही.

मला तिच्याविषयी लिहायचे आहे ते निराळ्या कारणासाठी. आत्मा अमर आहे, प्रत्येक जिवाच्या ठायी ईश्वराचा अंश आहे, हे वाक्य आपल्या देशात फार स्वस्त झाले आहे. प्रवचनात ते ऐकू येते, तेराव्याच्या पंगतीत ऐकू येते. आणि ते बोलून हात धुतलेला गृहस्थ घरी जाऊन मोलकरणीचा चहा वेगळ्या कपात ओतायला सांगतो. वाक्य खोटे आहे असे माझे म्हणणे नाही. पण ते खरे मानून ज्याने सकाळपासून रात्रीपर्यंतचा आपला व्यवहार त्याच्यावर बेतला, असा माणूस इतिहासात शोधावा म्हटले तर कोठे शोधावा? राजेरजवाडे ह्या कामी उपयोगाचे नाहीत. त्यांना निवडीला वाव फार. ज्याच्या हाती जवळजवळ काहीच नाही, अशा माणसाने उरलेल्या वीतभर जागेत काय निवडले, हे पाहिले पाहिजे. बहिणाबाईच्या हाती काही नव्हते. आणि आपले नशीब असे की, तिने ते सारे आपल्या तोंडाने सांगून ठेवले आहे. ‘आत्मनिवेदन’ ह्या नावाने तिच्या गाथ्यात जे अभंग आहेत ते म्हणजे सरळ तिचे आत्मचरित्रच होय. जस्टिन ॲबट ह्या अमेरिकन मिशनऱ्याने मराठी संतांचे इंग्रजी भाषांतर करण्यात आयुष्याची अखेरची वर्षे घातली. त्याने १९२९ साली हे अभंग इंग्रजीत नेले. घरच्यांच्या आधी परक्यांनी दखल घेतल्याचे हे काही पहिले उदाहरण नव्हे.

बहिणाबाईचा जन्म शके १५५० चा, म्हणजे इसवी सन १६२८ चा. गाव वेरूळजवळचे देवगाव, हल्लीच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातले. बाप आऊजी कुलकर्णी, आई जानकी. तुकोबा तेव्हा वीस वर्षांचे होते आणि शिवाजीराजांचा जन्म व्हायला दोन वर्षे होती. त्याच सुमारास, १६३० साली, तो भयंकर दुष्काळ पडला, ज्यात तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून मेली. १६३३ साली दौलताबादचा किल्ला मोगलांनी घेतला आणि १६३६ साली निजामशाही बुडाली. बहिणाबाई ह्यातले एक अक्षर सांगत नाही. मला त्याचे नवल वाटत नाही. देवगावच्या कुलकर्ण्याच्या मुलीला निजामशाही बुडाल्याचे कळले असेल ते घरातल्या भांड्यांवरून. रयत देशोधडीला लागली म्हणजे वसुलीच्या वहीवर बसलेला माणूसही सुखात राहत नाही. तिच्या बापाला कर्ज झाले, भाऊबंदकी उपटली आणि एके रात्री हे कुटुंब गाव सोडून निघाले.

बहिणाबाईचे लग्न तोपर्यंत झालेले होते. तिसऱ्या वर्षी झाले होते! नवरा शिऊरचा गंगाधरपंत पाठक, वय वर्षे तीस, बिजवर, ज्योतिषी, वेदपाठी. आईबाप, भाऊ, नवरा आणि ही नऊ-दहा वर्षांची पोर, असा तो तांडा गोदाकाठाने निघाला. वाटेत पंढरपूर लागले, शिखर शिंगणापूर लागले, रहिमतपूर लागले. पोट भरत होते ते भिक्षेवर आणि पाठकांच्या पंचांगावर. पंढरपुराला ती काही दिवस राहिली आणि तिथून पाय निघेना, असे ती सांगते. पुढे कोल्हापुरास एका विद्वान ब्राह्मणाच्या घरी त्यांना थारा मिळाला. तिला अकरावे वर्ष होते.

इथे एक वासरू गोष्टीत येते. पाठकांना कपिला गाय दानात मिळाली, ती व्याली, आणि ते वासरू ह्या मुलीच्या असे पाठी लागले की, ती पाण्याला गेली तरी मागे, कीर्तनाला गेली तरी मागे. गावात त्या वेळी जयरामस्वामी वडगावकरांची कीर्तने चालू होती आणि त्यांच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग म्हटले जात. एकादशीच्या दिवशी गर्दी फार झाली म्हणून लोकांनी वासराला बाहेर हाकलले. ते बाहेर हंबरू लागले, ही आत रडू लागली. स्वामींनी चौकशी केली, वासराला आत आणविले, दोघांच्या मस्तकावरून हात फिरविला आणि ही मुलगी साधी नव्हे असे काहीसे बोलले. झाले! गावभर बोभाटा झाला. एका बाईने ते पाठकांच्या कानी घातले. पाठक घरी आले आणि त्यांनी बायकोची वेणी धरून तिला गुरासारखे मारले.

मी पाठकांची बाजू घेत नाही. पण कादंबरी लिहिण्याची सवय असल्याने प्रत्येक पात्राच्या पोटात शिरून पाहण्याचा नाद मला आहे. ह्या माणसाकडे होते काय? घर गेलेले, जमीन नाही, पदरी सासरा-सासू आणि मेहुणा. जवळ एकच भांडवल, ते म्हणजे आपण ब्राह्मण आहोत, वेद म्हणतो, मुहूर्त काढून देतो, हे. त्यावर परक्या गावात ओसरी मिळते आणि शिधा मिळतो. ते भांडवल बुडाले की सारे संपले. आणि इथे अकरा वर्षांची बायको भर सभेत साधूच्या हाताने गौरवून घेते, पुढे तर कुणब्याला गुरू करते! मारहाणीमागे धर्माभिमान होता तसे पोटाचे भयही होते, असे मला वाटते. मारणाराचे भय समजले म्हणून मार कमी लागत नाही, हे खरेच.

त्या मारानंतर गाय चारा खाईना, वासरू दूध पिईना. वासरू मेले. मुलगी काही दिवस शुद्धीवर नव्हती. त्या अवस्थेत तिला तुकोबा दिसले. त्यांनी मस्तकावर हात ठेवला, मंत्र दिला. ह्या स्वप्नाची तिथी तिने दिली आहे, कार्तिक वद्य पंचमी, रविवार. बाई मोठी हिशेबी होती, कुलकर्ण्याची मुलगी! तुकोबांना तिने डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. अभंग मात्र कानावर पडले होते, आणि तेवढ्यावर तिने गुरू निवडला.

ही तिची पहिली निवड. ती झोपेत झाली असे म्हणून कोणी बाजूला सारील. परंतु स्वप्न पडणे आणि जागे झाल्यावर ते स्वप्न आपले म्हणून कबूल करणे, ह्या दोन गोष्टी आहेत. ती गप्प बसली असती तर काही बिघडत नव्हते. मनातल्या मनात तुकोबांचे नाव घेतले असते तरी विठोबाला ते ऐकू आलेच असते. तिने ते उघड म्हटले. मग पाठकांनी तिचे हातपाय बांधून गोठ्यात टाकले. शूद्र गुरू, स्वप्नातला उपदेश, आणि तो ब्राह्मणाच्या बायकोला! त्यांच्या दृष्टीने ह्यात तिहेरी पाप होते.

एकदा आठवीच्या वर्गात मी ही गोष्ट सांगत असता एका मुलीने विचारले, “बाई, मग ती निघून का नाही गेली?” प्रश्न बरोबर होता. कर्नाटकातल्या अक्कमहादेवीने बाराव्या शतकात नवरा सोडला, असे परंपरा सांगते. मीराबाईने मेवाडचे राजघराणे सोडले. आपल्याकडे कान्होपात्रेने देह ठेवला, पण बिदरच्या बादशहाकडे गेली नाही, अशी कथा आहे. घर सोडणाऱ्या बायकांची गाणी आपण गातो, आणि गावीतही. पण घरात राहिलेल्या बाईने काय केले, ह्याची कथा सांगायला आपल्याजवळ शब्द कमी पडतात. कारण ती ‘सोशीक’ ह्या एका शब्दात गुंडाळून ठेवण्याची आपल्याला सवय आहे. बहिणाबाईला सोशीक म्हटले की तिच्याविषयी काहीच सांगितल्यासारखे होत नाही. तिच्या मनात काय चालले होते, ते तिच्या अभंगांतून शोधले पाहिजे.

तिच्या गाथ्यात एक प्रकरण आहे, ब्राह्मण कोणाला म्हणावे ह्याविषयीचे. मूळ आधार ‘वज्रसूची’ ह्या संस्कृत ग्रंथाचा. बौद्ध परंपरेत तो अश्वघोषाच्या नावावर आहे आणि उपनिषदाच्या रूपात शंकराचार्यांच्या नावावर सांगतात. सतराव्या शतकात शिऊरच्या एका बाईने तो मराठी अभंगांत आणला. त्यातला युक्तिवाद शाळकरी मुलालाही कळेल असा आहे. ब्राह्मण म्हणजे जीव म्हणावा, तर जीव अनेक देहांतून फिरत आलेला, तो सर्वांचा सारखा. देह म्हणावा, तर चांडाळापासून वरपर्यंत सर्वांचे देह त्याच पंचमहाभूतांचे, म्हातारपण आणि मरण सर्वांना एकच. आणि देह जर ब्राह्मण असेल तर बापाच्या प्रेताला अग्नी देणाऱ्या मुलाला ब्रह्महत्या लागली पाहिजे! जात म्हणावी, तर व्यास कोळिणीच्या पोटचे, ऋष्यशृंग हरिणीचा, अगस्ती घटातला. ज्ञान म्हणावे तर क्षत्रियही ज्ञानी झाले. कर्म म्हणावे तर ते सगळेच करतात. असे एकेक दार बंद करीत करीत ग्रंथ शेवटी एवढेच म्हणतो की, ज्याने आत्मा जाणला तो ब्राह्मण.

काशीच्या पंडिताने हे लिहिले असते तर ती विद्वत्ता झाली असती. हे प्रकरण वाचताना मी सारखी गोठ्यापाशी जाते. ‘ब्राह्मण कोण’ ह्या प्रश्नावरून जिच्या अंगावर वळ उठले होते, ती हा प्रश्न विचारीत आहे. तिला वादात कोणाला हरवायचे नव्हते. आपला गुरू कुणबी आहे म्हणून आपला जीव बाटला काय, आपण बाई आहोत म्हणून आपल्याला वेदाचा अधिकार नाही तर देवाचाही नाही काय, हे तिला रोज उठून ठरवायचे होते. एरवी तिने स्त्रीजन्माविषयी फार कडू लिहिले आहे. बाईचा देह परक्याच्या सत्तेखालचा, वेद कानी पडू नये, गायत्री तिच्यापासून लपवून ठेवायची, ओंकार तिने उच्चारायचा नाही, मग तिने तरावे कसे, असे ती विचारते. तेव्हा देहाची किंमत जगाने काय ठरविली आहे, हे तिला पक्के ठाऊक होते. जिवाची किंमत मात्र तिने जगाला ठरवू दिली नाही. वज्रसूचीतला तो पहिला मुद्दा, जीव सर्वांचा सारखा, हा तिने पाठ केला नव्हता. तो तिने धरला होता, बुडणारा लाकूड धरतो तसा.

आता गोष्टीतला सर्वांत अवघड भाग. बहिणाबाईकडे लोक येऊ लागले, तिला नमस्कार करू लागले. हे पाठकांना सहन होईना. लोक हिच्या दर्शनाला येतात, मग ह्या घरात आपल्याला कोण विचारतो, आपण गवताच्या काडीसारखे झालो, असे त्यांच्या मनाने घेतले. बायको तीन महिन्यांची गरोदर होती. तिला तिच्या आईबापांच्या गळ्यात टाकून आपण तीर्थयात्रेला निघून जावे, पुन्हा तोंड पाहू नये, असा त्यांनी बेत केला.

त्या वेळी तिने जे मनाशी ठरविले ते वाचून पहिल्यांदा मला राग आला होता, आणि अजूनही तो पुरता गेलेला नाही. ती म्हणते की, विठोबा पाषाणाचा आणि तुकोबा स्वप्नातले. त्यांच्यासाठी मी समोरच्या नवऱ्याला का अंतरू? नवऱ्याची सेवा हाच माझा देव. पतिव्रताधर्मावर तिचे पुष्कळ अभंग आहेत, आणि आजच्या मुलींना ते वाचून दाखवावेत असे मला वाटत नाही. ॲन फेल्डहाउस ह्या अमेरिकन विदुषीने १९८२ साली बहिणाबाईवर एक लेख लिहिला, त्यात पत्नी आणि संत ह्या तिच्या दोन भूमिकांची ओढाताण तिने नीट उलगडून दाखविली आहे. ओढाताण होतीच. ती झाकून ठेवून बाईला नुसती पतिव्रता म्हणून देव्हाऱ्यात बसविणारे भाविक आणि नुसती बंडखोर म्हणून मिरविणारे आमच्यासारखे लेखक, दोघेही अर्धा गाथा मिटून ठेवतात.

मी तो अभंग पुन्हा वाचला तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. तिने नवऱ्याची सेवा निवडली. पण गुरू खोटा होता असे ती कोठेही म्हणत नाही. मंत्र परत केला नाही. क्षमा मागितली नाही. लोकांना येऊ नका म्हटल्याचे ती सांगत नाही. ज्या बाईला आपला जीव कवडीमोल वाटतो ती अशा वेळी सारेच टाकून देते आणि नवऱ्याच्या पायांवर लोळण घेते. दुसरी एखादी आडात उडी घेते. हिने मोजून जेवढे द्यायचे तेवढे दिले. कामाचे हात दिले, रात्रीची जागरणे दिली. पोटात मूल होते, मुलूख परका होता, बापाला कर्ज होते. अशा वेळी तिने घर मोडू द्यायचे नाही असे ठरविले आणि आतली वस्तू हातची सोडायची नाही हेही ठरविले. ते बरोबर की चूक, ह्याचा निवाडा मी कोण देणार? मला एवढेच दिसते की ते तिने ठरविले, ते तिच्यावर आपोआप येऊन पडले नाही.

पुढे पाठकांना दाहज्वर झाला. तिने रात्रंदिवस शुश्रूषा केली. आजारात त्यांना पश्चात्ताप झाला. कोणी वृद्ध ब्राह्मण येऊन बोलला असे ती सांगते. बरे झाल्यावर त्यांनी आपण होऊन देहूला जायचे ठरविले. कादंबरी इथे संपते. नवरा सुधारला, दिवा लावा, पडदा पाडा! माझ्यासारखीने तरी इथेच संपविली असती. बहिणाबाईची गोष्ट मात्र इथून पुन्हा सुरू होते, कारण नवरा बदलला म्हणून गाव बदलत नाही.

देहूला इंद्रायणीत स्नान करून ही मंडळी देवळात गेली. आरती चालली होती. स्वप्नात पाहिलेला माणूस तिने प्रथमच डोळ्यांनी पाहिला. मग राहायला जागा शोधताना ती नेमकी मंबाजीच्या दारात जाऊन उभी राहिली. तुकोबांना काटेरी फांदीने मारणारा तो हाच मंबाजी. ही ब्राह्मण मंडळी आपली शिष्य होतील असे त्याला आधी वाटले. ती तुकोबांची आहेत असे कळल्यावर तो उसळला. तुम्ही वाळीत पडाल, शूद्राच्या नादी लागलेल्यांना पंगतीला कोण घेईल, असा त्याने धाक घातला. कोल्हापुरास पाठकांना ज्या गोष्टीचे भय होते तीच आता समोर उभी राहिली. फरक एवढाच की, ह्या वेळी पाठक बायकोच्या बाजूला उभे होते.

मंबाजीने मग त्यांची गाय धरून नेली, तीन दिवस उपाशी कोंडली आणि बडविली. ते वळ तुकोबांच्या पाठीवर उमटले, असे बहिणाबाई सांगते. मंबाजीच्या घराला आग लागली तेव्हा गाय सुटली. चमत्काराच्या खरेखोटेपणात मला पडायचे नाही. मला तिची नजर गायीकडे गेली हे महत्त्वाचे वाटते. तिच्या साऱ्या आयुष्यकथेत एक वासरू मरते, एक गाय मार खाते, आणि दोन्ही वेळा ती त्या मुक्या जिवाविषयी जितक्या तपशिलाने सांगते तितक्या तपशिलाने स्वतःच्या माराविषयी सांगत नाही. जीव सारखा, हे तिने पोथीतून घेतले असेल. पण गायीपर्यंत ते नेताना तिला पोथीची गरज पडलेली दिसत नाही. कोल्हापूरच्या गोठ्यात तिच्या पाठीवर उठलेले वळ मात्र कोणाच्या पाठीवर उमटल्याचे तिने लिहिलेले नाही.

देहूला तिने दिवसाचे कीर्तन, रात्रीचे भजन ऐकले. तिथेच मुलगी झाली, तिचे नाव काशीबाई. तिथेच तिला अभंग स्फुरू लागले. तुकोबा १६५० च्या सुमारास गेले. पुढे केव्हातरी ती शिऊरला आली आणि उरलेले आयुष्य तिथेच राहिली. मुलगा झाला, त्याचे नाव विठोबा ठेवले. ह्या पुढच्या जवळजवळ पन्नास वर्षांविषयी ती फार थोडे बोलते. कोणी म्हणेल, त्यात सांगण्यासारखे काही नव्हते. मला वाटते, खरे आयुष्य ते होते. पहाटे उठायचे, सडासारवण करायचे, मुलांचे करायचे, म्हाताऱ्या नवऱ्याचे करायचे, आणि ह्या सगळ्यात आपण तुकोबांच्या आहोत हे विसरायचे नाही. शिऊर म्हणजे पाठकांचे गाव. त्या गावात ब्राह्मणवाड्यात राहून कुणबी गुरूचे नाव घ्यायचे हे एका दिवसाचे धाडस नव्हते. आल्यागेल्याने विचारायचे आणि तिने सांगायचे. दर वेळी सांगायचे की नाही, हे पुन्हा ठरवायचे.

आणि तिने सांगितले ते कसे, तेही पाहण्यासारखे आहे. आत्मनिवेदनाच्या आरंभी तिने आपली गुरुपरंपरा दिली आहे. आदिनाथ शंकरापासून मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, ज्ञानदेव, आणि पुढे सच्चिदानंद, विश्वंभर, राघवचैतन्य, केशवचैतन्य, बाबाजी असे करीत ती तुकोबांपाशी येते. आणि तुकोबांच्या पुढे लिहिते स्वतःचे नाव. कुलकर्ण्याची मुलगी, पाठकाची बायको, हा परिचय नंतर. पहिल्याने ती महादेवापासून निघालेल्या माळेतला मणी आहे. ज्या काळी बाईला स्वतःच्या नावाने ओळख नव्हती, त्या काळी एका बाईने आपला वंश असा लिहावा! आमच्या शाळेच्या पटावर विद्यार्थ्याच्या नावापुढे आईचे नाव लिहिण्याचा रकाना आला तेव्हा केवढी चर्चा झाली होती, ते मला इथे आठवल्यावाचून राहत नाही. बहिणाबाईने कोणाला विचारले नाही.

पाठक नंतरच्या अभंगांतून हळूहळू बाजूला होत जातात. तिच्यापुढे आपल्याला कोण ओळखतो, ही त्यांची तक्रार काळाने खरी केली. तरीपण त्यांचे नाव आज आपल्याला ठाऊक आहे ते तिनेच ते सांगितले म्हणून, आणि तिने त्यांचा मार सांगितला तसे त्यांचे देहूला निघणेही सांगितले.

१७०० साली, शके १६२२ मध्ये, तिला आपले मरण जवळ आल्याचे कळले. वय बहात्तर. सून नुकतीच वारली होती आणि तिच्या उत्तरक्रियेसाठी मुलगा विठोबा गोदाकाठी शुक्लेश्वरास गेला होता. तिने त्याला निरोप धाडून परत बोलाविले. त्याच्याही जिवाला काही ओढ लागली होती, तो आला. मग तिने त्याला आपले मागले जन्म सांगितले. बारा जन्म झाले, हा तेरावा. प्रत्येक जन्मात कुठल्या गावी होते, कोणाच्या घरी होते, काय हातून झाले, काय अपुरे राहिले, हे ती गावची वही वाचावी तसे सांगते. पुनर्जन्मावर विश्वास असो वा नसो, ह्या अभंगांतला स्वर ऐकण्यासारखा आहे. त्यात भय नाही, मोठेपणाही नाही. एक बाई अनेक घरांत सून म्हणून, मुलगी म्हणून राहून आली आणि त्या कुठल्याच घराने तिला पुरते आपले केले नाही, असे ऐकताना वाटत राहते. त्यांतल्या काही जन्मांत तू माझ्या सोबत होतास, असे ती मुलाला सांगते. बायको गमावून आलेल्या मुलाला आई मरता मरता हे सांगते, त्यात आईचे मनही होतेच.

आता पुन्हा जन्म नाही, असे तिने सांगितले. आश्विन शुद्ध प्रतिपदेला तिने देह ठेवला. शिऊरला तिची समाधी आहे.